चोपन्न सेकंदांची डाळ

समस्त उपाशी व अर्धपोटी मंडळींचे सेवेसी विनंती ऐसी की, पूर्वी मोठमोठ्या मोहिमा जाहल्या, गड पडले, सलतनती बुडाल्या, त्यांचे वर्तमान थोरांनी लिहून ठेविले, ते उत्तमच केले. परंतु तिसऱ्या मजल्यावरील मागल्या खोलीत, एका कानाच्या पातेल्यात, जे रण माजले त्याचा मजकूर कोणीच लिहिला नाही. सबब पुढील पिढ्या डाळ आपोआप शिजते ऐसे समजून चालतील आणि फसतील, हे जाणून जैसे घडले तैसे लिहिले आहे. तिखटमीठ लाविलेले नाही. जे होते ते पातेल्यातच पडले.

त्या खोलीचे राज्य तिघींचे. मुख्य मुंगीबाईसाहेब. कागदोपत्री नाव दुसरे; परंतु देह लहान आणि दिवसभर आपल्याहून मोठे काहीतरी ओढीत नेण्याची खोड, सबब तीर्थरूपांनी बालपणीच हा किताब बहाल केला, तो महाविद्यालयापर्यंत चालत आला. विद्या संख्याशास्त्राची, वर्ष दुसरे, आणि त्रैराशिकावर हुकमत ऐसी की तीन आकडे समोर टाकावे आणि चवथा हात जोडून हजर व्हावा. दुसऱ्या वकीलबाई, कायद्याच्या विद्यार्थिनी. सनद मिळावयास तीन वर्षे बाकी, परंतु वाद घालण्यास सनद लागत नाही हे त्यांनी लहानपणीच ओळखिले होते. तिसऱ्या निद्राबाई, रसायनशास्त्राच्या. यांची खाट खिडकीखाली, खाटेवर एक जाडजूड रजई आणि रजईत खुद्द बाई. प्रयोगशाळेत जाणे आणि परत येऊन रजईत दाखल होणे, याखेरीज त्यांची दुसरी हालचाल दफ्तरी नोंद नाही.

सरंजाम तो केवढा! विजेची शेगडी एक. पातेले एक, त्याचा एक कान पूर्वीच्या कोण्या लढाईत कामी आलेला. झाकण दुसऱ्या घराण्यातले, ते पातेल्याशी कधीच नीट बसले नाही. सुरी एक, ती कांदा कापीत नसे, कांद्याची समजूत घालीत असे. आणि इस्त्री एक. या इस्त्रीचे आणि शेगडीचे हाडवैर: दोघी एकाच समयी चालू जाहल्या की मजल्याचा फ्यूज उडावा, आणि फ्यूजचा डबा तळमजल्यावर घरमालकीणबाईंच्या कुलुपात. म्हणून तिघींमध्ये तह ठरला होता की एकीने शेगडी लाविली असता दुसरीने इस्त्रीस हात लावू नये. तहनाम्याचा मसुदा वकीलबाईंनी स्वहस्ते केला होता, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

मोहिमेचे कारण ऐसे. तिघींचा उदरनिर्वाह पाव, बिस्किटे आणि पाकिटातल्या नूडल्स यांवर चाले, आणि महिना अर्ध्यावर आला की नुसत्या बिस्किटांवर. मग एके दिवशी भर वर्गात सरासरीचा तास चालू असता मुंगीबाईसाहेबांस भोवळ आली आणि त्या बाकावरून थेट बाकाखाली दाखल जाहल्या. मैत्रिणींनी पाणी मारिले, लिंबूसरबत पाजिले आणि हातास धरून घरी आणिले. जिन्यात घरमालकीणबाई उभ्या होत्या. त्यांस कोणी काही सांगितले नाही, आणि संध्याकाळपावेतो ते सर्व वर्तमान फोनवरून मुंगीबाईंच्या घरी पोहोचले.

आता तीर्थरूपांचा मजकूर. तीर्थरूप म्हणजे एका मोठ्या कारखान्याच्या मुदपाकखान्याचे सरदार, साध्या बोलीत कँटीनचे मुख्य आचारी. दोन पाळ्यांचे मिळोन तीनशे कामगार नित्य त्यांच्या हातचे जेवीत. तीस वर्षे हेच केल्यामुळे तीनशेंहून कमी माणसांचा स्वयंपाक त्यांस ठाऊक नव्हता. घरी चहा टाकिला तरी अर्धी आळी पिऊन उरावा. मातोश्री शिवणकाम करीत, आणि स्वयंपाकघर हा नवऱ्याचा मुलूख आहे ऐसे समजून लग्नापासून त्या हद्दीत शिरल्या नाहीत. येणेकरून तीर्थरूपांस दुसऱ्या कोणी रांधून घातल्याचा दाखला तीस वर्षांत सापडत नाही. आणि स्वतःचे रांधलेले ते सर्वांमागून, भिंतीशी उभे राहून, पाच मिनिटांत खात.

त्यांचे फर्मान सोमवारी सुटले, ते शब्दशः येणेप्रमाणे:

“मुंगे, रविवारी दुपारी येतो. तुझ्या हातचं जेवणार. डाळ आणि भात, बाकी थाटमाट नको. नीट जेवू घातलंस तर राहा तिथेच. नाहीतर सामान बांध, आत्याकडे राहायचं.”

“बाबा, आत्याकडून कॉलेज दोन तास!”

“चक्कर येऊन पडायला दोन सेकंद लागतात,” ऐसे बोलून फोन ठेविला.

आत्याचे घर म्हणजे काय हे ज्याने पाहिले नाही त्याने देवाचे आभार मानावे. तेथे नऊच्या ठोक्यास दिवे मालवीत, पंखा लावावयास अर्ज करावा लागे, आणि दारास आतून कडी व कडीस आत्या. मुंगीबाईसाहेबांस ही तिसऱ्या मजल्यावरील खोली, तिची गळकी मोरी आणि खिडकीतून दिसणारी समोरच्याची टाकी, हे सारे राज्य प्राणाहून प्रिय. सबब काहीही होवो, रविवारी डाळ शिजलीच पाहिजे, ऐसी मसलत ठरली.

मग मंगळवारी तीर्थरूपांकडून कृती मागविली. ते ऐन कामात होते, पाठीमागे भांड्यांचा गदारोळ चालू होता, आणि त्यांनी जी मुखपाठ होती तीच सांगितली: लाल डाळ पंधरा किलो, बटाटे वीस किलो, कांदे आठ किलो, लसूण एक किलो, मीठ दीड किलो, पाणी ऐंशी लिटर, आणि मध्यम आचेवर दीड तास. हे तीनशे माणसांचे. मुंगीबाईंनी कागद पुढे ओढिला आणि गालात हसल्या. कारण तीनशेंचे तीन करावयाचे म्हणजे शंभराने भागावयाचे, आणि भागाकारात त्यांचा हात कोण धरील?

सर्व भागिले. डाळ दीडशे ग्रॅम. बटाटे दोनशे. कांदा ऐंशी, तो सालासकट भरला. मीठ पंधरा ग्रॅम, ते निद्राबाईंकडून प्रयोगशाळेच्या काट्यावर तीन दशांश स्थळांपर्यंत तोलून कागदाच्या पुडीत आणविले. आणि दीड तास म्हणजे पाच हजार चारशे सेकंद, त्यासही शंभराने भागून चोपन्न सेकंद.

वकीलबाईंनी हरकत घेतली. “चोपन्न सेकंदांत डाळ शिजते?”

“आपण माणसं किती?”

“तीन.”

“मग आकडे बघ ना. भावना नको.”

वकीलबाईंस आकड्यांविरुद्ध युक्तिवाद येत नव्हता. मग पातेले चढविले, पाण्यास उकळी येताच मोबाइलवर घटका लाविली, आणि चोपन्नावा सेकंद पुरा होताच शेगडी बंद करून पाने वाढिली. पुढील वर्तमान थोडक्यात सांगावे हेच बरे. पहिल्या घासास दातांखाली ऐसा आवाज जाहला की निद्राबाई रजईतून विचारत्या जाहल्या की खडी टाकताहेत काय. वकीलबाईंची एक दाढ दोन दिवस रजेवर गेली. बटाटा कच्चा, कांदा कच्चा, पाणी मात्र उत्तम गरम. त्या सायंकाळी तिघींनी पुन्हा बिस्किटांचा आश्रय केला, आणि त्यासारखी नामोशी नाही.

बुधवारी हे वर्तमान तीर्थरूपांस कळविणे भाग पडले. ऐकता ऐकता पलीकडील पळीचा आवाज थांबला.

“दीड तासाला शंभराने भागलंस?”

“हो. सगळ्यालाच भागलं.”

 मग कोणीतरी दूर जाऊन खोकत आहे ऐसे वाटले. ते खोकणे नव्हते. मग गंभीर वाणीने आज्ञा जाहली की, “मुंगे, वेळ भागत नाही गं.” इतक्यात तिकडे जेवणाची घंटा जाहली आणि बोलणे तुटले.

हे वाक्य मुंगीबाईंनी कायदा म्हणून उतरून घेतिले. वेळ भागत नाही, म्हणजे पंधरा किलोस दीड तास तर दीडशे ग्रॅमासही दीड तास! गुरुवारी दुसरी स्वारी निघाली. डाळ चढवून त्या गृहपाठाची वही घेऊन बसल्या, आणि गणित ऐसे रंगले की पाऊण तासात पातेल्यातील पाणी संपले, मग डाळ लागली, मग जळाली, मग काळा धूर झाकणाच्या फटीतून निघून खिडकीवाटे निशाण फडकवीत बाहेर पडला, तरी मुंगीबाई घड्याळ पाहून म्हणत होत्या की अजून चाळीस मिनिटे आहेत.

धुराचा वास तळमजल्यास पोहोचला. घरमालकीणबाईंचे गुडघे दुखतात ऐसा लौकिक, परंतु तीन जिने त्या कशा चढल्या हे कोणास कळले नाही. दारात उभ्या राहून त्यांनी ललकारिले:

“काय गं भवान्यांनो! शिजवताय की घर पेटवताय माझं?”

“मावशी, थोडीशी लागली,” मुंगीबाई म्हणाल्या.

“थोडीशी? माझे वाळत घातलेले कपडे खमंग झालेत! पुन्हा एकदा धूर दिसला ना, शेगडी खाली आणून ठेवायची. समजलं?”

येणेप्रमाणे दोन आघाड्यांवर शिकस्त जाहली. रविवार तीन दिवसांवर, शेगडीवर जप्तीची टांगती तलवार, आणि पातेल्याच्या बुडास काळा थर ऐसा बसला की निद्राबाईंनी प्रयोगशाळेतील विद्या लावूनही तो हटला नाही. मुंगीबाईसाहेब खाटेवर बसून आपली बॅग पाहू लागल्या, की कपडे किती आणि पुस्तके किती. ते पाहून वकीलबाईसुद्धा काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे खोलीत प्रथमच ऐकू आले.

शुक्रवारी मुंगीबाईंनी फोन केला, तो रडवेल्या आवाजात. कृती विचारली नाही. एवढेच विचारिले की, “बाबा, झाली हे कसं कळतं?”

“कसं म्हणजे? ती सांगते की.”

“कोण?”

“डाळ. चढव परत, आणि फोन ने तिच्याजवळ.”

मग फोन पातेल्याजवळ धरिला, आणि पलीकडे तीस वर्षांचा सरदार कामधाम टाकून तीन माणसांची डाळ ऐकू लागला. त्यांनी त्या भाषेचा कोश सांगितला तो ऐसा की, बुडबुड म्हणजे पाणी बोलते आहे, डाळ अजून गप्प. खदखद म्हणजे डाळ बोलू लागली, आच कमी कर. मग सावकाश पुक, पुक ऐसे जाहले की तिचे म्हणणे संपले, उतरव. आणि चरचर ऐकलीस तर पळत जा, ती तिची बोंब आहे. घड्याळ बाजूस ठेव. वकीलबाईंनी कायद्याचे पुस्तक मिटून सांगितले की ऐकीव पुरावा ग्राह्य धरीत नाहीत. परंतु त्या दिवशी डाळ शिजली. शनिवारी फोनाविना पुन्हा चढविली, तीही शिजली. थोडी पातळ, परंतु दात सलामत. तिघींनी चाटूनपुसून खाल्ली. तिसऱ्या मजल्यावर नौबत झडावयाची तेवढी बाकी राहिली.

आता रविवारचा मजकूर, तो काळजी धरून ऐकावा.

सकाळी प्रथम भात केला. पातेले एकच असल्याकारणे तो बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात हलविला, म्हणजे गनिमाच्याच किल्ल्यात आपले ठाणे बसविले. मग डाळ चढविली. कांदा-लसूण तेलात परतला, त्याचा वास जिन्यापावेतो गेला, बटाटे बारीक चिरून टाकिले, पाणी बुडबुडले, मग खदखद सुरू जाहली. मुंगीबाईंनी डोळे मिटून कान लाविला. इतक्यात तीर्थरूपांचा संदेश आला की बसमधून उतरलो, कोपऱ्यावर आहे.

तेव्हां वकीलबाईंच्या मनात आले की थोर पाहुणे येतात, आपण चुरगळलेल्या सदऱ्यात कैसे उभे राहावे? आणि ज्या तहनाम्याचा मसुदा आपण केला, त्यातील कलम एक विसरून, त्यांनी इस्त्री लाविली.

फट् ऐसा आवाज जाहला.

शेगडीचा लाल डोळा मिटला. पंखा दोन फेरे फिरून थांबला. डाळ जेमतेम दहा मिनिटे खदखदली होती आणि अर्धी कच्ची. मुंगीबाई तीन जिने खाली धावल्या, तो घरमालकीणबाईंच्या दारास कुलूप. शेजारणीने सांगितले की त्या चष्म्याच्या दुकानी गेल्या, तासाभरात येतील. मुंगीबाई तीन जिने वर आल्या.

“मी फक्त कॉलर करत होते गं,” वकीलबाई इस्त्री पाठीमागे लपवून म्हणाल्या.

 मुंगीबाईंस त्या समयी लहानपणची एक सुटी आठवली. तीर्थरूपांबरोबर त्या कँटीनला गेल्या होत्या, आणि उशिराच्या पाळीची डाळ अर्धी शिजली असता तीर्थरूपांनी हंडा उतरवून गोणपाटे व जुनी कांबळी यांत गच्च गुंडाळिला होता. “चूल कशाला जाळायची? पोटातली ऊब पुरते तिला. झोपली की शिजते,” ऐसे ते म्हणाले होते.

झोपली की शिजते. मुंगीबाईंनी मान वळविली. खिडकीखाली रजई होती.

“ऊठ.”

रजईतून प्रश्न आला, “कोण गेलं?”

“कुणी नाही. रजई दे.”

“मी आत आहे.”

“म्हणूनच म्हणते, ऊठ!”

मग वकीलबाईंनी पायांकडून आणि मुंगीबाईंनी डोक्याकडून ऐसा दुहेरी हल्ला करून निद्राबाईंस किल्ल्याबाहेर काढिले. झाकण घट्ट दाबून त्यावर वकीलबाईंचे सर्वांत जाड कायद्याचे पुस्तक ठेविले, आणि पातेले, झाकण व पुस्तक या तिघांस रजईच्या चार घड्यांत गुंडाळून खाटेवर निजविले. निद्राबाई खोलीच्या मध्यभागी उभ्याच राहिल्या. त्या इतक्या उंच आहेत हे त्या दिवशी सर्वांस कळले.

आता पंचाईत ऐसी की रजईतून आवाज येईना. मुंगीबाईंनी गुडघे टेकून रजईवर कान ठेविला. प्रथम काहीच नाही, आपल्याच काळजाचे ठोके. मग दूर, फार खोल, कोणी कुजबुजावे तैसे काही ऐकू येऊ लागले. त्यांनी कान उचलला नाही.

तैशातच तीर्थरूप दारात उभे राहिले. धापा टाकीत होते, आणि काखेत मोठा डबा होता, त्यात तीस माणसांची डाळ. मुलीच्या हातच्या जेवणावर त्यांचा विश्वास होता, परंतु डबा भरलेला होता. त्यांनी पाहिले की शेगडी थंड, पंखा बंद, एक मुलगी इस्त्री लपवीत आहे, एक उंच मुलगी उभ्याने पेंगत आहे, आणि आपली मुलगी रजईस कान लावून बसली आहे.  त्यांनी डबा खाली ठेविला, चपला काढिल्या, खाटेच्या दुसऱ्या बाजूस गुडघे टेकिले, आणि आपलाही कान रजईवर ठेविला.

“किती खदखदली होती?”

“दहा मिनिटं.”

थोडा वेळ गेला. तीर्थरूपांचा हात सवयीने रजईच्या टोकाकडे गेला. मुंगीबाईंनी त्या हातावर चापट मारिली.

“उघडायची नाही. बोलतेय अजून.”

या हातास पातेल्यापासून दूर सारील ऐसा माणूस तीस वर्षांत कारखान्यात निपजला नव्हता, साहेबांचीही प्राज्ञा नव्हती. तीर्थरूपांनी हात मागे घेतिला आणि पुन्हा कान लाविला. अर्धी घटका, पाऊण घटका बापलेक ऐसे राहिले. मग मुंगीबाईंनी मान वर केली आणि म्हटले, “झाली.” तीर्थरूपांनीही त्याच क्षणी मान वर केली होती, परंतु ते बोलले नाहीत.

रजई उघडिली. कायद्याचे पुस्तक ओले जाहले होते, त्याचे दुःख वकीलबाईंनी कलम एक आठवून गिळिले. झाकण उचलिले तो वाफ वर आली. डाळ मऊ, बटाटा मऊ, बुडास काही लागले नाही, आणि धूर म्हणाल तर एक रेघ नाही.

पाने मांडिली. तीर्थरूप आपले ताट घेऊन भिंतीशी जाऊन उभे राहिले.

“बाबा, बसा.”

“असू दे गं. मला उभ्यानेच सवय आहे.”

“बसा म्हणते ना!”

ही आज्ञा ऐसी सुटली की निद्राबाईही खाली बसल्या. मग तीर्थरूप खोलीतील एकुलत्या एक खुर्चीवर बसले आणि सावकाश जेवू लागले. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटिले. दुसऱ्या घासालाही मिटिले. मुंगीबाईंचा घास हातातच राहिला होता.

“कशी झालीये?”

 तीर्थरूपांनी ताट पुढे केले. मुंगीबाईंनी वाढिले. ते खाऊन पुन्हा पुढे केले. मग डाळ गरमच होती तोवर संपली, आणि पातेले जवळ ओढून, बोटाने कड पुसून, तीही त्यांनी सोडिली नाही. मग फोन काढून बहिणीस हुकूम दिला तो ऐसा: “अगं, गादी काढू नकोस. नाही येत ती. कशाला येईल? इथे जेवण बरं मिळतं.”

इतके बोलून फोन खिशात घालताना मध्येच त्यांचा हात थांबला, आणि मान कलंडली. भर दुपारी, बसल्या जागी, आधी चव पाहिली नाही ऐसे गरम जेवण जेवून, तीर्थरूप झोपी गेले. मुंगीबाईंनी रजई उचलिली. ती अजून डाळीने ऊबदार होती. ती त्यांनी हलकेच त्यांच्या अंगावर घातली.

“आता मी काय करू?” निद्राबाईंनी हळूच विचारिले.

“भांडी,” वकीलबाई म्हणाल्या.

तीस माणसांच्या डब्याचे काय जाहले, तेही लिहितो. घरमालकीणबाई नवा चष्मा लावून परतल्या, तेव्हां तो नजराणा म्हणून त्यांस पेश करण्यात आला. त्यांनी फ्यूज बसविला, शेगडीवरील जप्ती उठविली आणि डबा दोन दिवस पुरविला.

येणेप्रमाणे रविवारी दोन प्रहरी, खोली तिसऱ्या मजल्याची, पातेले एका कानाचे, आच विजेची दहा मिनिटे व रजईची पाऊण घटका, याजवर मोहीम फत्ते जाहली आणि राज्य राहिले. मागाहून मुंगीबाईंनी तो त्रैराशिकाचा कागद काढून पाहिला. चोपन्न सेकंदांवर रेघ मारिली आणि तेथे ‘ऐकणे’ एवढेच लिहून कागद शेगडीच्या वर भिंतीस चिकटविला. तो आजही तेथे आहे, तेलाने थोडा पिवळा जाहला आहे. लिहिण्यात अधिक-उणे जाहले असेल तर वाचकांनी मीठ आपल्या हाताने घ्यावे.